वजनकाटा तीन आठवडे अडकला तेव्हा: पोटाचे स्नायू दिसेपर्यंतचे चोवीस आठवडे

पुरुष, वय ३४, उंची १७४ सेंमी, दिवसभर बैठे काम. वजन ७८.४ किलो, बेंबीच्या पातळीवर घेर ९१ सेंमी, मानेचा घेर ३८ सेंमी. आजार नाही, चालू औषध नाही. प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. आकडे अशा बांध्याच्या माणसाचे साधारण जसे येतात तसे घेतले असून सूत्रांशी ताडून पाहिले आहेत.

तक्रार एकच: आठ महिने रोज दोनशे क्रंचेस आणि तीन मिनिटे प्लँक, तरी पोट जिथल्या तिथे. मधल्या काळात घाम काढणारा पट्टाही वापरून झाला होता. पट्ट्याने अर्धा किलो उतरायचा आणि दोन ग्लास पाण्यात परत यायचा.

या माणसाचे पोटाचे स्नायू कमकुवत नव्हते. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरली तर घडी जवळजवळ तीन सेंटीमीटर जाड भरत होती. खालचा स्नायू कितीही पिळदार असला तरी एवढ्या चरबीच्या थरातून दिसणार नाही. तो थर व्यायाम करतो त्याच जागेवरून उतरेल ही आशा सुटता सुटत नाही, पण ती खोटी आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांनी २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स काढल्या. पोट, पाठ आणि नितंब इथल्या चरबीपेशींचे नमुने आधी आणि नंतर तपासले गेले. पेशी लहान झाल्या त्या तिन्हीकडे सारख्याच. पोटाला काही वेगळा फायदा झाला नाही. दोनशे क्रंचेसची दुसरी अडचण अशी की दोनशे वेळा जमणारी हालचाल दम वाढवते, स्नायू फारसा जाड करत नाही.

सुरुवातीचा हिशेब

घेर, मान आणि उंची यांवरून चरबी काढण्याचे अमेरिकन नौदलाचे सूत्र लावले तर २१.५ टक्के येतात. तीन-चार टक्के इकडेतिकडे धरायचेच. म्हणजे साधारण १७ किलो चरबी आणि ६१.५ किलो बाकी शरीर. पुरुषांत पोटाचे स्नायू स्पष्ट दिसू लागतात ते १० ते १३ टक्क्यांच्या आसपास, स्त्रियांत १६ ते २० च्या आसपास. बाकी शरीर जवळपास तेवढेच राखून १२ टक्क्यांवर यायचे तर वजन सत्तरच्या जरा खाली लागते. उतरवायचे ते साडेआठ-नऊ किलो. ‘सहा आठवड्यांत सिक्स पॅक’ ही भाषा इथेच बाद होते.

पहिले दोन आठवडे खाण्यात काहीही बदलले नाही, फक्त लिहून ठेवायला सांगितले. त्याची वही रोज सरासरी १,७५० कॅलरी दाखवत होती आणि वजन हलत नव्हते. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने (१० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय, पुरुषांसाठी त्यात + ५, स्त्रियांसाठी − १६१) त्याचा विश्रांतीतला खर्च १,७०६ येतो. हलक्या हालचालीचा गुणक १.३७५ लावला तर दिवसाचा खर्च २,३५० च्या जवळ जातो. वजन स्थिर असेल तर पोटात जाणारेही तेवढेच. म्हणजे वहीत सहाशे कॅलरी कमी लिहिल्या जात होत्या. यात लबाडी नसते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचे खाणे प्रत्यक्ष तपासले, तेव्हा ते स्वतःच्या नोंदीत सरासरी ४७ टक्के कमी लिहीत असल्याचे दिसले. घास चाखणे, उरलेले संपवणे, कढईतले तेल हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

म्हणून किचन काटा आला. ग्रॅम दाखवणारा, भांडे ठेवून शून्य करता येणारा. व्यायामाच्या कुठल्याही साधनाआधी हा घ्यावा असे आमचे मत आहे.

आराखडा

खाणे रोज १,९०० कॅलरी, म्हणजे ४५० ची तूट. प्रथिने १५० ग्रॅम, स्निग्ध ५५ ग्रॅम, उरलेले कर्बोदके, तेही २०० ग्रॅम होतात. प्रथिनांचा आकडा वजनाच्या दर किलोला १.९ ग्रॅम पडतो. तुटीच्या काळात १.६ ते २.२ या पट्ट्यात राहिले की स्नायू टिकायला मदत होते आणि भूकही आवाक्यात राहते. ही १५० ग्रॅम चार वेळच्या खाण्यात वाटली, प्रत्येक वेळी ३५ ते ४०. स्निग्धांश दर किलोला ०.६ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, ही एक मर्यादा आधीच आखून ठेवली.

काय खायचे याची यादी मुद्दाम दिली नाही. अंडी, दूध, दही, डाळी, मासे, मांस, सोयाबीन यांपैकी जे घरात शिजते त्यातूनच आकडा भरायचा. मोजताना एक नियम मात्र कडक: धान्य आणि डाळ कच्ची असतानाच तोलायची. कोरडा तांदूळ १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी देतो, शिजलेला १३० च्या आसपास. कच्च्याचे वजन शिजलेल्याच्या रकान्यात गेले तर एका जेवणात दीडशे-दोनशेची चूक सहज होते.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, सगळ्या अंगाचा: स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, रोमानियन डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, लॅट पुलडाउन. प्रत्येकी तीन सेट (फेऱ्या), ६ ते १२ रेप्स (आवर्तने). ‘कटिंग’ म्हणजे चरबी उतरवणे सुरू झाले की वजने हलकी करून रेप्स वाढवायची पद्धत जिममध्ये फार आहे. ती उलटी आहे. तुटीत असताना शरीराने स्नायू का राखावा? जड उचलावे लागते म्हणून. तो भारच काढून घेतला तर कारणही जाते.

क्रंचेस बंद. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा केबल क्रंच तीन सेट, १० ते १२ रेप्स, आणि बारला लटकून गुडघे छातीकडे आणणे तीन सेट, ८ ते १२ रेप्स. बारा नीट झाल्या की केबलला एक प्लेट जास्त. लटकून करताना बहुतेक जण पाय नुसते मांडीच्या सांध्यातून उचलतात. पोट त्यात फक्त धरून राहते. कमरेचा खालचा भाग वर वळला, पाठ किंचित गोल झाली, तरच पोटाचा सरळ स्नायू आखडतो. केबल क्रंचमध्येही बरगड्या ओटीपोटाकडे यायला हव्यात, नितंब मागे ढकलून वाकायचे नाही.

चालणे रोज ९,००० पावले. वेगळे धावणे नाही.

मोजमाप: रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन, पण पाहायची ती सात दिवसांची सरासरी. टेप आठवड्यातून दोनदा, बेंबीवर, श्वास सहज सोडून, पोट न ओढता. फोटो दोन आठवड्यांनी, त्याच खिडकीच्या उजेडात. चरबीची टक्केवारी सांगणारा विजेचा काटा घरात होता. त्यावर फक्त वजन पाहायचे असे ठरले. पायातून जाणारा तो सूक्ष्म प्रवाह शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो आणि पाणी तर रोज बदलते.

पहिले सहा आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत वजन ७६.९ वर आले. दीड किलोच्या या घसरणीत चरबी फार तर ८०० ग्रॅम, बाकी पाणी आणि आतड्यातला माल. कर्बोदके कमी झाली की स्नायूतले ग्लायकोजेन (साठवलेली साखर) घटते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जाते. हे त्याला आधीच सांगून ठेवले होते, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावल्यावर माणूस हबकतो. पुढचे चार आठवडे दर आठवड्याला ४०० ग्रॅम. सहाव्याच्या शेवटी ७५.३ किलो, घेर ८७. एक किलो चरबीला सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या तर ४५० च्या तुटीतून आठवड्याला ४१० ग्रॅमच निघतात. हिशेब जुळत होता.

सातवा ते नववा आठवडा

आणि मग काटा थांबला. आठवड्याच्या सरासऱ्या ७५.३, ७५.४, ७५.२. घेर ८७ वरून हलेना.

त्याची मागणी होती की आहार १,६०० वर आणावा. सोबत रोज अर्धा तास धावण्याची तयारीही होती. जवळपास प्रत्येक जण इथे हेच करतो, आणि बहुतेक प्रयत्न मोडतात तेही इथेच: भूक वाढते, झोप बिघडते, व्यायामातली वजने उतरतात, पंधरा दिवसांत एक मोठा बांध फुटतो आणि खापर ‘चयापचय मंदावले’ यावर फुटते. चयापचय थोडे मंदावते हे खरे. पण साडेचारशेची तूट तीन आठवडे पूर्ण गिळण्याइतके नाही. आकडा कापण्याआधी तो आकडा खरोखर पाळला जातोय का, हे पाहायला हवे होते.

सात दिवस पुन्हा पहिल्यासारखे, प्रत्येक गोष्ट काट्यावर. तीन गळत्या सापडल्या.

तेल. सुरुवातीला भांडे काट्यावर ठेवून ओतले जायचे. पाचव्या आठवड्यापासून ‘अंदाज आलाय’ म्हणून चमचा सुरू झाला, मग थेट बाटली. नोंद एका मोठ्या चमच्याची आणि भांड्यात दोन. १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, म्हणजे रोज १,९०० नव्हे, २,०२०.

पावले. फोनमधली नोंद काढली तर सरासरी ९,००० वरून ६,००० वर आलेली. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. तुटीत असताना माणूस नकळत कमी हलतो: जिना टाळतो, फोनवर बोलताना बसून राहतो. तीन हजार पावलांचे त्याच्या वजनाला ११० च्या आसपास कॅलरी होतात. वजन उतरल्यामुळे दिवसाचा खर्च तसाही २,३०० वर आला होता. पावले वजा केल्यावर २,२०० च्या खाली-वर.

शनिवार-रविवार. दोन्ही दिवशी वही संध्याकाळपर्यंतच भरलेली. रात्रीचे बाहेरचे जेवण आणि पेये धरली की प्रत्येकी २,६०० च्या घरात.

आता बेरीज. सोमवार ते शुक्रवार रोज १८० ची तूट, पाच दिवसांत ९००. शनिवार-रविवार रोज ४०० ची भर, दोन दिवसांत ८००. आठवड्याची निव्वळ तूट शंभर कॅलरी. काटा अडकला नव्हता, बरोबर सांगत होता.

झोपेची नोंदही याच वेळी तपासली: साडेपाच-सहा तास. २०१० च्या एका छोट्या अभ्यासात तेवढ्याच कमी आहारावर लोकांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात ठेवले, दोन-दोन आठवडे. वजन दोन्हीकडे जवळपास सारखेच उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती आणि अपुऱ्या झोपेत ०.६ किलो. ज्याला स्नायू दाखवायचे आहेत त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. सहभागी मोजकेच होते, तेव्हा आकड्यावर फार भर देऊ नये. दिशा लक्षात घ्यावी.

दुरुस्ती

आठवड्याचा एकूण आकडा १३,३०० तसाच ठेवला. फक्त वाटणी बदलली: पाच दिवस १,८००, शनिवार-रविवार २,१५०. बाहेरचे जेवण बंद करायला सांगितले असते तर दोन आठवडे पाळले गेले असते. साडेतीनशेची जास्तीची जागा मिळाल्यावर त्याने ते स्वतःच आवरले. तेल पुन्हा काट्यावर. पावले ९,००० ला परत, त्यासाठी दोन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे. अंथरुणात साडेसात तास. धावणे नाही, १,६०० नाहीत.

दहाव्या आठवड्यात वजन ७४.३, एकदम ९०० ग्रॅम खाली. बाहेरच्या खारट जेवणाने धरून ठेवलेले पाणी सुटले, एवढेच. पुढचे चार आठवडे पुन्हा ४०० ग्रॅम, चौदाव्याच्या शेवटी ७२.७ आणि घेर ८२.५. पोटाच्या पेट्यांच्या वरच्या दोन जोड्या आता बाजूच्या उजेडात दिसत होत्या.

पंधरावा आणि सोळावा आठवडा तूट बंद, रोज २,२५०. वाढवलेले जवळजवळ सगळे कर्बोदकांतून. वजन ७३.४ झाले आणि त्याचा चेहरा पडला. ही ७०० ग्रॅम ग्लायकोजेन आणि त्याबरोबरचे पाणी होते. घेर तसूभरही वाढला नव्हता. अशा विश्रांतीने चरबी जास्त वेगाने जळते असा दावा आम्ही करणार नाही. उपयोग वेगळा: बेंच प्रेस आणि स्क्वॉटमध्ये घसरू लागलेल्या रेप्स परत आल्या, आणि उरलेल्या आठ आठवड्यांसाठी डोके ठिकाणावर राहिले.

शेवटचे तीन किलो

सतरा ते चोवीस आठवडे, रोज १,८५०. इथे अडचण शरीराच्या वाटणीची होती. पुरुषांत बेंबीखालची चरबी शेवटी जाते. तिथल्या पेशींवर चरबी सोडण्याला आवर घालणारे अल्फा-२ रिसेप्टर तुलनेने जास्त असतात. त्यामुळे चेहरा ओढल्यासारखा दिसू लागतो, दंडावर शिरा येतात, घरचे ‘आता पुरे’ म्हणतात, आणि खालचे पोट मात्र मऊच. याला वेगळा व्यायाम नाही, मलम नाही, उपाशीपोटी धावण्याची जादू नाही. तीच तूट आणखी काही आठवडे, एवढेच हातात असते.

विसाव्या आठवड्यात एक गोंधळ झाला. संध्याकाळी घेर तीन सेंटीमीटरने जास्त यायचा, वजन मात्र उतरते. भूक मारायला दिवसभर शुगर-फ्री च्युइंगम सुरू होते. त्यातले सॉर्बिटॉलसारखे गोडवे आतड्यात नीट शोषले जात नाहीत आणि वायू होतो. च्युइंगम थांबवले, तिसऱ्या दिवशी पोट सपाट.

चोवीसाव्याच्या शेवटी वजन ६९.८, घेर ७८, मान ३७. नौदलाचे सूत्र १२.२ टक्के सांगते. कॅलरींचा हिशेब वेगळे सांगतो: सगळ्या आठवड्यांची तूट मिळून साधारण ५५,००० कॅलरी, म्हणजे सात किलोंहून थोडी जास्त चरबी. त्यावरून टक्केवारी १४ च्या जवळ येते. खरे मधेच कुठेतरी असावे. स्नायू टिकला का, याचा चांगला पुरावा सूत्रात नव्हे, व्यायामाच्या वहीत मिळाला: स्क्वॉट आणि रोइंग सुरुवातीपेक्षा थोडे जड, बेंच प्रेस जेवढ्यास तेवढे, केबल क्रंचला सहा प्लेट्स जास्त.

दिसत काय होते? वरच्या चार पेट्या साध्या उजेडात, खालची जोडी पोट आखडल्यावरच. दुसऱ्या ओळीतली डावी पेटी उजवीपेक्षा खाली. ती तशीच राहणार. पोटाचा सरळ स्नायू उभ्या मधल्या पट्टीने दोन भागांत आणि आडव्या तंतुमय पट्ट्यांनी तुकड्यांत विभागलेला असतो. या आडव्या पट्ट्या बहुतेकांत तीन असतात, काहींत कमी-जास्त, आणि समोरासमोर असतीलच असे नाही. पेट्यांची संख्या आणि रेघ जन्माबरोबर येते. व्यायामाने फक्त जाडी वाढते.

हाच आराखडा कुणाला लागू नाही

गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, अठराखालील मुले, खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेले यांनी तुटीत जाऊच नये. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टर. बाळंतपणानंतर पोट मधोमध उंचवटा धरत असेल तर पाठीवर झोपून डोके उचलावे आणि मधल्या रेषेत बोटे ठेवून पाहावीत. दोन बोटांहून जास्त फट लागली तर आधी फिजिओथेरपिस्ट, नंतर क्रंच. आणि ज्यांचे पोट टणक, पुढे आलेले, पण चिमटीत थोडेच येते, त्यांची चरबी कातडीखाली नव्हे तर आत, अवयवांभोवती आहे. त्यांचा घेर सुरुवातीला भराभर उतरतो, पेट्या मात्र तेवढ्याने दिसत नाहीत.

कुठल्याही टप्प्यावर थांबण्याच्या खुणा: सतत थंडी वाजणे, कामेच्छा जाणे, रात्री भुकेने जाग येणे, उचलायची वजने दोन आठवडे सलग घसरणे, स्त्रियांमध्ये पाळी चुकणे. पाळी चुकली तर आठवड्याभराचीही वाट पाहू नये. तूट बंद करून डॉक्टरांकडे जावे.

नंतर

आहार थेट २,२०० वर नेला. आठवड्याला पन्नास-पन्नास कॅलरी वाढवण्याची फॅशन आहे. त्याने तूट विनाकारण लांबते, दुसरे काही होत नाही. दहा दिवसांत वजन किलोभर वाढले, सगळे पाणी आणि ग्लायकोजेन. सहा आठवड्यांनी सरासरी ७१.१, घेर ७९.५. खालची जोडी पुन्हा झाकली गेली, वरच्या चार दिसत राहिल्या. तो आकडा त्याने स्वतः निवडला: बाहेरचे जेवण महिन्यातून चार वेळा राहते आणि रोज तोलायचे ते फक्त तेल आणि धान्य.

पुढची खूण ठरवून दिली. सात दिवसांची सरासरी ७२.५ च्या वर आणि घेर ८१ च्या वर, दोन्ही एकाच वेळी गेले तर तीन आठवडे १,८५०. फक्त वजन वाढले आणि घेर तसाच असेल, तर काही करायचे नाही.